‘मोकळी जमीन’ म्हणजे काय?

गिरणगावाचा इतिहास सांगताना १८ जानेवारी १९८२ या तारखेपासून आरंभ करायचा आणि संप विझला तेथे थांबायचे, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. अडीच लाखांच्या घरातले कामगार, दत्ता सामंतांचे नेतृत्व आणि नंतरची वाताहत हे सारे मराठी साहित्यातही उमटले. जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक त्याची ठळक साक्ष आहे. परंतु गिरण्यांच्या सुमारे सहाशे एकरांवर पुढे कोण राहणार, याचा निवाडा संपाने केला नाही. तो झाला बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमात. हा नियम कोणत्याही नाटकात आलेला आमच्या पाहण्यात नाही. येणार तरी कसा? तो वाचताना भल्याभल्यांना पेंग येते. आमच्या मते त्याचे सामर्थ्यही त्यातच होते.

ही नियमावली १९९१ साली अमलात आली. गिरण्यांची जमीन औद्योगिक वापरासाठी राखलेली होती. ती विकून आलेल्या पैशातून आजारी गिरणी पुन्हा उभी करावी, असा नियमाचा घोषित हेतू होता. त्या बदल्यात शहराने आपला वाटा मागितला. पाच हेक्टरांपर्यंतची गिरणी असेल तर ३३ टक्के जमीन महापालिकेकडे उद्याने-मैदानांसाठी, २७ टक्के म्हाडाकडे सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेली ४० टक्के मालकाकडे. गिरणी जितकी मोठी, तितका म्हाडाचा वाटा अधिक. वाटणी जवळजवळ तिहेरी होती. शेडी पाडून सबंध आवाराचा विकास करायचा झाल्यास पाडलेल्या बांधकामाखालची जमीनही वाटणीत येई.

मालकांना हे मानवले नाही, आणि पहिल्या दशकात फारच थोड्यांनी या वाटेने जाण्याची तयारी दाखवली. राज्य सरकारने १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने सरकारी मालकीच्या पंचवीस गिरण्यांचा अभ्यास केला. प्रत्येक आवारातून एकेक तुकडा काढत बसण्यापेक्षा शेजारशेजारच्या गिरण्यांचे वाटे एकत्र करावेत, म्हणजे सलग मैदाने आणि सलग वसाहती होतील, हे तिच्या सूचनांचे सार. अहवाल बासनात गेला.

मग २००१ साल उजाडले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मुंबईची नियोजन प्राधिकारी महापालिका असली, तरी १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार नियमातील फेरबदलावर अखेरची मोहोर राज्य सरकारची असते. मार्च २००१ मध्ये ती उमटली. टक्केवारी तशीच राहिली. बदलले ते टक्के कशाचे काढायचे हे. आता वाटणी केवळ मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीची आणि शिल्लक चटई क्षेत्राची. उभे बांधकाम पाडून तितकेच क्षेत्र मालकाने पुन्हा बांधले, तर त्यात शहराचा हिस्सा नाही.

ढोबळ हिशेब करून पाहू. दहा एकरांची एक गिरणी घ्या. तिच्या आठ एकरांवर शेडी, चाळी, गोदामे, आणि दोन एकर मोकळे. शिल्लक चटई क्षेत्राची गुंतागुंत क्षणभर बाजूला ठेवू. सगळे पाडल्यास जुन्या नियमाने मैदानासाठी ३.३ एकर आणि म्हाडासाठी २.७ एकर मिळाले असते. नव्या नियमाने मैदानाला सुमारे २६ गुंठे आणि म्हाडाला साडेएकवीस गुंठे. आणि सूतगिरणीचे आवार म्हणजे बहुतांशी शेडीच, हे लालबाग-परळचे पोरही सांगेल.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जुन्या नियमाने दहा वर्षांत फारसे काही हाती लागले नव्हते, आणि कामगारांची देणी थकली होती. शिवाय याच दुरुस्तीत म्हाडाच्या वाट्यातील निदान निम्मी घरे गिरणी कामगारांसाठी राखण्यात आली. ते कामगार संघटनांच्या झुंजीचे फळ होते. म्हणजे ज्या लेखणीने ताटातली भाकरी कोरभर केली, तिनेच त्या कोरीवर कामगाराचे नाव घातले! या योगायोगाची चर्चा व्हायला हवी तितकी झाली नाही.

पर्यावरणवाद्यांनी २००५ च्या आरंभी उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्याच वर्षी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले. एकट्या मुंबई टेक्सटाइल मिलला ७०२ कोटी रुपये आले. २६ जुलैच्या प्रलयाने मोकळ्या जमिनीचे मोल शहराला शिकवले तेही याच वर्षी. १७ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने कौल दिला. पाच महिन्यांच्या आत, ७ मार्च २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा नियम वैध ठरवला. ‘मोकळी’ या विशेषणाचा अर्थ कायमचा मुक्रर झाला. व्याकरणाच्या वादात इतकी जमीन गेल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला तरी आठवत नाही.

कामगारांच्या पहिल्या मोठ्या सोडतीत, २०१२ साली, सात हजारांच्या आत घरे होती. पुढे २०१६ आणि २०२० साली आणखी काही हजारांची भर पडली. अर्ज मात्र दीड लाखांहून अधिक. उरलेल्यांना घरे द्यायची कोठे? मुंबईत जमीन नाही, असे उत्तर मिळाले आणि सरकारने कर्जत मार्गावरच्या शेलू आणि वांगणीकडे बोट दाखवले. जुलै २०२५ मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले होते, ते मुंबईतच घर मागण्यासाठी. संपाच्या वेळी जो पंचविशीत होता, तो आता सत्तरीला टेकला आहे. परळहून वांगणीला जाणारी गाडी त्याला पकडावी लागेल ती परळ स्थानकावर. आणि फलाटावरून वर पाहिले, तर शेडींच्या जागी उभे राहिलेले मनोरे दिसतात.