मुळशीचं धरण आणि टाटांची पेढी

मुळशीचं धरण टाटांचं, हे ताम्हिणीला जाणारा कुणीही सांगतो. पण टाटांचं म्हणजे नेमकं कुणाचं? याचं उत्तर शोधायला 1887 सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी जमशेटजी टाटांनी मुंबईत ‘टाटा अँड सन्स’ ही पेढी काढली. भागीदार घरातलेच: थोरले चिरंजीव दोराबजी आणि नात्यातले आर. डी. टाटा. कापडगिरण्या हाताशी होत्याच. पोलाद आणि वीज यांची स्वप्नं पुढे होती. इतके धंदे एका घराने सांभाळायचे कसे? त्याची रीत कलकत्त्याच्या पेढ्यांनी आधीच घालून दिली होती, ती म्हणजे मॅनेजिंग एजन्सी. प्रत्येक धंद्याची कंपनी वेगळी, भांडवल बाजारातून, आणि कारभार मात्र करार करून पेढीकडे. त्याबद्दल पेढीला कमिशन. समभाग थोडे असले तरी लगाम पेढीच्याच हाती. 1917 साली पेढीचं रूपांतर ‘टाटा सन्स लिमिटेड’ या कंपनीत झालं.

मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचं आणि कोकणात सोडून त्यावर जनित्रं फिरवायची, ही कल्पना खोपोलीला 1915 साली खरी ठरली होती. मग 1919 मध्ये टाटा पॉवर कंपनी निघाली आणि तिची नजर मुळा-निळेच्या संगमाकडे गेली. पूर्वेला वाहणारं मुळेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून भिऱ्याला उतरवायचं होतं.

मुळशी पेट्यातल्या भातखाचरांवर पन्नासहून अधिक गावं जगत होती. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या सोबत होते. काम काही काळ थांबलं, पण सरकारने भूसंपादन कायदा वापरून जमिनी कंपनीला मिळवून दिल्या. पुण्यातल्या ज्या सावकारांच्या नावावर यातल्या बऱ्याच जमिनी होत्या, त्यांनी मोबदला घेतला. कसणाऱ्याच्या वाट्याला विस्थापन आलं. बापटांना शेवटी सात वर्षांची शिक्षा झाली. 1924 मध्ये लढा मोडला. त्याच वर्षी मुंबईत फोर्टमध्ये ‘बॉम्बे हाउस’ ही टाटांची कचेरी उभी राहिली. 1927 मध्ये भिऱ्याला वीज तयार होऊ लागली.

जमीन गेलेल्याने दाद मागायची कुणाकडे? कंपनीकडे, पेढीकडे की सरकारकडे? मॅनेजिंग एजन्सीच्या रचनेतली खरी मेख इथेच आहे, आणि मुळशीने ती भोगली.

एप्रिल 1970 मध्ये कायद्याने मॅनेजिंग एजन्सी बंद केली. टाटा सन्स तरीही टिकली, कारण तोवर नाव, माणसं आणि समभाग यांची वीण घट्ट झाली होती. आज तिचे सुमारे 66 टक्के समभाग टाटा घराण्यातल्या माणसांनी स्थापन केलेल्या धर्मादाय न्यासांकडे आहेत. त्या समभागांवरच्या लाभांशातून रुग्णालयं आणि संशोधन संस्था उभ्या राहिल्या, आणि त्यांचं मोल मोठंच आहे.

भिऱ्याला वीज देऊन झालेलं पाणी कुंडलिकेत उतरतं आणि कोलाडला त्यावर राफ्टिंग चालतं. टाटांच्या उद्योगाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी जमशेदपूरला जेवढी पानं दिली, तेवढीच बुडालेल्या मुळशी पेट्यालाही द्यावीत.