भरावाखालील काँक्रीट नळांची संगणकीय प्रतिमाने

रस्ता किंवा लोहमार्ग यांच्या मातीच्या भरावाखाली पुरलेल्या काँक्रीट नळावर येणारा भार आणि त्यामुळे नळाच्या भिंतीत निर्माण होणारी प्रतिबले संगणकाच्या साहाय्याने काढण्याची पद्धती. वरच्या मातीच्या वजनाइतकाच भार नळावर येतो, असे सकृद्दर्शनी वाटते. प्रत्यक्षात तो त्याहून कमी किंवा बराच अधिकही असू शकतो. हा फरक का पडतो व तो किती असतो, हे ठरविण्याच्या प्रयत्नांतून या विषयाचा विकास झाला.

मार्स्टन सिद्धांत : अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतजमिनीचा निचरा करण्यासाठी घातलेले भाजलेल्या मातीचे व सिमेंटचे नळ विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक ठिकाणी फुटू लागले. तेथील राज्य महाविद्यालयातील ॲन्सन मार्स्टन यांनी ए. ओ. अँडरसन यांच्यासह केलेल्या प्रयोगांवरून १९१३ मध्ये चरातील नळांवरील भाराचा सिद्धांत मांडला. अरुंद चरात भरलेली माती खचताना चराच्या बाजूंशी होणारे घर्षण तिचे काही वजन पेलते, त्यामुळे नळावरील भार घटतो. धान्याच्या कोठारांतील दाबासंबंधी यान्सेन यांनी १८९५ मध्ये असाच विचार मांडला होता.

जमिनीवर नळ ठेवून त्यावर भराव घातल्यास परिस्थिती उलट होते. काँक्रीटचा नळ ताठ असल्यामुळे फारसा दबत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंची माती मात्र अधिक खचते व नळावरील मातीला आपल्याबरोबर खाली ओढते. परिणामी नळावरील भार माथ्यावरील मातीच्या वजनाहून अधिक होतो. मार्स्टन यांनी १९३० मध्ये या स्थितीचे विवरण केले. एम. जी. स्पँगलर यांनी १९३३ मध्ये नळाच्या बैठकीचा त्याच्या भारक्षमतेवर होणारा परिणाम दाखविला. तीन कडांवर नळ दाबून प्रयोगशाळेत काढलेले बल आणि बैठकीनुसार बदलणारा गुणक यांच्या साहाय्याने अभिकल्प करण्याची रीत यातून रूढ झाली. या रीतीतील मुख्य अडचण अशी, की नळ व बाजूची माती यांच्या खचण्याचे गुणोत्तर बांधकामापूर्वी मोजता येत नाही. ते अनुभवावरून गृहीत धरावे लागते.

संगणकाचा वापर : १९६०–७० या दशकात सांत घटक पद्धती प्रचारात आली. तीत माती व नळ यांच्या छेदाचे लहानलहान तुकडे कल्पून प्रत्येकाची समीकरणे मांडली जातात व ती संगणकावर एकत्रित सोडविली जातात. भराव थराथराने वाढतो, तसा तो प्रतिमानातही थराथराने चढविला जातो. दाबानुसार मातीचे काठिण्य बदलते. हा बदल दर्शविण्यासाठी डंकन व चँग यांनी १९७० मध्ये मांडलेला अपास्ताकार संबंध पुढे बराच वापरला गेला. काँक्रीटला तडे जाणे, पोलाद ताणले जाणे आणि नळ व माती यांच्यातील घसरण यांचाही समावेश पुढे करण्यात आला. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनासाठी मायकेल कटोना व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये तयार केलेली ‘कँडी’ ही संगणकीय आज्ञावली या कामातील महत्त्वाचा टप्पा होय. फ्रँक हेगर, लिपिन्स व सेलिग यांची खास काँक्रीट नळांसाठीची ‘स्पायडा’ आज्ञावली १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली.

निष्कर्ष : नळाच्या तळालगत दोन्ही बाजूंना असलेल्या कुशींत धुमस पोहोचत नाही, त्यामुळे तेथील माती सैल राहते, ही गोष्ट या प्रतिमानांत धरण्यात आली. तळ कठीण बैठकीवर टेकल्यास प्रतिक्रिया एका रेषेत एकवटते व तेथे आतल्या बाजूने तडे जातात. म्हणून तळाखालील मधला एक-तृतीयांश भाग न कुटता ठेवावा व बाहेरील भाग कुटावा, अशी रीत सुचविण्यात आली. तिच्या आधारे बसवणुकीचे चार प्रमाणित प्रकार ठरले व ते १९९३ च्या अमेरिकन मानकात आले. त्यांत भराव-भार माथ्यावरील मातीच्या वजनाच्या १·३५ ते १·४५ पट धरतात. कमी कुटलेल्या मातीसाठी हा गुणक मोठा असून नळही अधिक बळकट घ्यावा लागतो.

भारतात काँक्रीट नळ सामान्यतः ‘ह्यूम पाइप’ या नावाने ओळखला जातो. नळ टाकण्यासंबंधीच्या १९८५ च्या भारतीय मानकातील भारगणना मार्स्टन यांच्या विचारावर आधारलेली आहे.

मर्यादा : बहुतेक प्रतिमाने द्विमितीय असतात. नळाच्या लांबीच्या दिशेने पाया असमान खचल्यास सांधे उघडतात. हा परिणाम त्यांत येत नाही. तसेच मातीचे गृहीत धरलेले काठिण्य प्रत्यक्ष कुटाईने साधले नाही, तर गणिताने काढलेली सुरक्षितता राहत नाही. त्यामुळे बांधकामावर थरांची जाडी, ओलावा व घनता यांची तपासणी करणे हा या पद्धतीचाच आवश्यक भाग समजला जातो.