हिरडा, डबा आणि बाळाची शी

हिरडा हे गडचिरोलीच्या जंगलातलं गौण वनउपज. इंग्रजांच्या काळात देशभरातला हिरडा जहाजांनी विलायतेला जायचा, तिथल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांत. त्याच तुरट फळाचे दोन वेढे मराठी आज्या सहाणेवर उगाळून नातवाला चाटवत आल्या.

या बाळगुटीचा माग काश्यपसंहितेपर्यंत जातो. तिच्या लेहाध्यायात चाटण कोणाला द्यावं हे सांगितलंय, आणि त्यात ज्यांच्या आईला दूध नाही किंवा कमी आहे अशी बाळं येतात. म्हणजे वरच्या दुधावरच्या बाळाची काळजी तेव्हाही होतीच. पुढे गुटी सरसकट झाली: हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, जायफळ. शीला खडा धरला की हिरड्याचे वेढे वाढवायचे. तरी बाळ कुंथतच राहिलं, तर विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून हळूच लावायचा. काही घरांत साबणाची कांडी. ही मात्र मला कधीच पटली नाही. नाजूक आतड्याला साबण झोंबतो.

गडचिरोलीतल्याच भामरागडच्या माडिया आदिवासी पाड्यांवर या थाटाची फारशी गरज पडली नसावी. गाईचं दूध वासराचं, ते काढायचं नाही, हा तिथला जुना रिवाज. बाळ अंगावरच पिणार, तेही बराच काळ. अशा बाळाला महिन्याभरानंतर चार-पाच दिवस शी झाली नाही तरी होते तेव्हा मऊच होते. १९७३ साली त्याच भागातल्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तिथल्या बाळांपुढे मलेरिया आणि कुपोषण उभं होतं, डब्याचं दूध नव्हे.

डबा आला दुरून. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या वेव्हे गावात आन्री नेस्लेने दूध आणि गव्हाच्या पिठाचं शिशुअन्न विकायला काढलं. आपल्याकडे पूर्वी ग्लॅक्सोचा डबा प्रतिष्ठेचा. मग म्हैसूरच्या सीएफटीआरआय संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळांची पावडर करण्याची रीत बसवली आणि १९६० च्या सुमारास आणंदला अमूलने ती बाजारात आणली.

खड्याचं मूळ या पावडरीच्या घडणीतच आहे. आईच्या दुधात केसीन कमी. गाई-म्हशीच्या दुधात जास्त, त्याचं दही पोटात घट्ट लागतं. आता पावडरीत हे प्रमाण पुष्कळ सुधारलंय, पण अनेक डब्यांत पामतेल असतं. त्यातलं पामिटिक आम्ल आतड्यात सुटं होऊन कॅल्शियमला चिकटतं आणि चक्क साबण तयार होतो, न विरघळणारा. तोच शी घट्ट करतो.

बाळाच्या पोटाच्या तक्रारींवर बाजाराने दिलेला उतारा म्हणजे ग्राइप वॉटर. विल्यम वुडवर्डने ते १८५१ मध्ये इंग्लंडात काढलं. बडीशेपेसारख्या सुव्याचं तेल, सोडा, साखर आणि दारू. बाळ गप्प का व्हायचं, हे वेगळं सांगायला नको. दारू पुढे गेली, बाटली राहिली. बद्धकोष्ठाला तिचा उपयोग नाही. मधाचं बोट तर वर्षाच्या आत नकोच: बाळांना होणारा बोट्युलिझम १९७६ मध्ये ओळखला गेला, आणि त्यात मधाकडे बोट दाखवलं गेलं. उगाळलेली गुटीही सहा महिन्यांच्या आत डॉक्टर देऊ देत नाहीत. सहाण आणि पाणी स्वच्छ असेलच याची खात्री कोण देणार?

१९९२ च्या कायद्याने डब्याची जाहिरात आणि फुकट नमुने बंद झाले. तरी ज्याची आई दगावली किंवा फार आजारी आहे अशा बाळाला डबा लागतोच, भामरागडातही. अशा बाळाला खडा धरला तर पहिला इलाज हिरडा नाही, मापाचा चमचा आहे. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं लिहिलेलं असतं. बाळ अंग धरावं म्हणून शीग लावून चमचा भरला की दूध दाट होतं आणि खडा धरतो. उलट डबा पुरवायला पातळ केलं तर बाळ उपाशी. आधी उकळून निववलेलं पाणी मोजा, मग पावडर घाला. पाय सायकलसारखे हलवा, पोट हलक्या हाताने चोळा. सहा महिन्यांनंतर शिजवून गाळलेलं फळ आणि थोडं पाणी द्या.

एवढ्यावर भागत नसेल तर थांबू नका. जन्मल्यावर ४८ तासांत काळी शी झाली नाही, पोट टम्म फुगलं, उलटी हिरवी आली किंवा शीत रक्त दिसलं, तर आतड्याचा जन्मजात दोषही असू शकतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुरात भामरागडचा रस्ता तुटतो, म्हणून अशा बाळाला आभाळ भरून यायची वाट न पाहता लगेच दवाखान्यात न्या.