लिस्बनच्या संसदेतला गोव्याचा डॉक्टर

दादाभाई नौरोजी १८९२ साली ब्रिटिश संसदेत निवडून गेले, हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या तीन दशके आधी गोव्याचा एक डॉक्टर लिस्बनच्या संसदेत बोलत होता.

फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांचा जन्म १८२९ साली साष्टीतल्या नावेलीचा. पणजीला वैद्यकी शिकून ते डॉक्टर झाले आणि पुढे खासदार म्हणून लिस्बनला गेले. वसाहतींचे प्रतिनिधित्वच काढून घ्यावे, अशी भाषा तिथे चालली होती. १८६१ साली गोमिश यांनी भर सभागृहात तिला विरोध केला. १८६९ मध्ये गोव्याकडे परतताना, अवघ्या चाळिशीत, बोटीवरच ते वारले.

सभागृहात आपली माणसे किती, असे मुस्लिम समाज आजही विचारतो. तो प्रश्न रास्तच आहे. पण तिथे पोचलेला माणूस वेळेला तोंड उघडतो का, हेही विचारायला हवे.