दुकानदाराची वही आणि ग्राहकाचा हक्क : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात

दुकानदाराने ग्राहकाविषयी काय लिहून ठेवावे व ते ग्राहकास दिसावे की नाही, हा प्रश्न शिरूर-दौंड परिसरास नवा नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे येथे सावकारावर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे येथे दंगा झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचा दौंड तालुका त्याच मुलखातला. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे व हुकूमनामे हिसकावून जाळण्यात आले. माल विकणारा व कर्ज देणारा पुष्कळदा एकच असे, आणि निरक्षर कुणब्याने ‘निशाणी नांगर’ करून दिलेला कागद सावकाराच्याच पेटीत राही.

१८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने दस्त ग्रामनिबंधकासमोर करणे आवश्यक ठरविले; पावती, वार्षिक हिशेब व खातेपुस्तक मिळण्याचा हक्क ऋणकोस दिला.

आज बिलापूर्वी मोबाईल क्रमांक मागितला जातो. त्याची सावकारीशी बरोबरी करणे अतिशयोक्त ठरेल. येथे जमीन जात नाही. तथापि नोंद एकाच्या हाती व दुसऱ्यास अदृश्य, हे साम्य उरते. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांनी क्रमांकाची सक्ती करू नये, अशी सूचना काढली. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात आपली माहिती पाहण्याची व पुसून घेण्याची तरतूद आहे. १८७९ च्या कायद्यात हिशेब मागता येत होता, नोंद पुसून मागता येत नव्हती.