पेटीला कापड किती? जुन्या फेंडर अ‍ॅम्पचा हिशेब

गिटारच्या अ‍ॅम्पचा इतिहास म्हटलं की सगळे व्हॉल्व्ह आणि स्पीकरबद्दल बोलतात. आज आपण पेटीवरच्या कापडाबद्दल बोलू. जुनी पेटी नव्यानं मढवायची तर कापड किती लागेल, या साध्या प्रश्नात बराच इतिहास दडलेला आहे.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून १९५० च्या दशकात जे अ‍ॅम्प बाहेर पडले, त्यांच्यावर 'ट्वीड' असे. नाव ट्वीड, पण लोकर नाहीच. प्रवासी बॅगांना लावतात तसलं तिरक्या विणीचं सुती कापड ते. दिसायला देखणं, पण धूळ, घाम, सांडलेली बिअर सगळं पिऊन घेणारं. १९६० च्या सुमारास मोठ्या अ‍ॅम्पवर 'टोलेक्स' आलं, आधी तपकिरी आणि पुढे काळं. हे व्हिनाइलचा थर दिलेलं कापड, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. टोलेक्स हे खरं तर अमेरिकेतल्या जनरल टायर कंपनीचं व्यापारी नाव. आपण सीट कव्हरच्या दुकानात जाऊन 'रेक्झिन द्या' म्हणतो, तेही मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीचंच नाव. दोन्ही नावं मालकांच्या हातून निसटली आणि वस्तूचीच होऊन बसली.

आता हिशेब. उदाहरणाला १९६३ साली आलेला डिलक्स रिव्हर्ब घेऊ. पेटी ढोबळमानानं २४½ इंच रुंद, १७½ इंच उंच, ९½ इंच खोल. एक सलग पट्टी डाव्या बाजूनं वर, माथ्यावरून उजवीकडे खाली येते: १७½, २४½, १७½ मिळून ५९½. दोन्ही टोकं तळाखाली सव्वा-सव्वा इंच वळवायची, म्हणजे ६२. पट्टीची रुंदी ९½ धरून चालत नाही. पुढच्या आणि मागच्या कडेवरून आत वळवायला प्रत्येकी पावणेतीन इंच हवेत, म्हणजे १५. तळाचा तुकडा २५ बाय १५. पाठीमागच्या दोन फळ्या, वळणासकट साधारण २६ बाय १० प्रत्येकी.

बेरीज केली तर १८२५ चौरस इंच. टोलेक्सचा पन्हा ५४ इंच असतो, म्हणजे एका यार्डात १९४४ चौरस इंच. पुरतंय की! आम्हीही पहिल्यांदा असंच म्हणालो आणि एक यार्ड मागवलं. पण एका यार्डाची लांबी ३६ आणि पन्हा ५४. त्यात ६२ इंचांची पट्टी कुठून निघणार? माथ्यावर जोड द्यावा लागला आणि पेटीवरचा दिवा लागला की तो जोड आधी दिसायचा. क्षेत्रफळ खरं होतं, हिशेब खोटा होता. लांबी ठरवते ती सर्वांत लांब तुकडा. म्हणून पावणेदोन यार्ड, म्हणजे ६३ इंच, हा किमान आकडा. एवढ्यात कात्री एक इंच घसरली तरी पंचाईत, तेव्हा दोन यार्डच मागावं. पट्टीच्या शेजारी ३९ इंच पन्हा मोकळा राहतो, त्यात बाकीचे तुकडे आरामात बसतात.

ट्वीडचं आणखी एक त्रांगडं आहे. त्याच्या तिरक्या रेघा ४५ अंशांच्या जवळपास धावतात. जागा वाचवायला तुकडा काटकोनात फिरवला की रेघा उलट्या बाजूला कलतात. तळाला चालेल, पाठीच्या फळ्यांना नाही. त्यामुळे ट्वीडला टोलेक्सहून जास्त माल धरावा लागतो.

कारखान्याला ही अडचण एवढी जाणवत नसावी, असं आम्हाला वाटतं. अख्खा तागा पसरून एकाच मापाच्या पट्ट्या रांगेनं कापल्या की उरलेला भाग पुढच्या पेटीला उपयोगी पडतो. आपल्याकडे पुढची पेटीच नसते!

म्हणूनच जुनं कापड ओरबाडून काढू नये. गरम हवेनं गोंद सैल करून ते सलग सोडवावं आणि कागदावर पसरून कडा आखून घ्याव्यात: मूळ कारागिरानं किती इंच आत वळवलं, कोपऱ्यात काप कसा दिला, जोड कुठे ठेवला, सगळं त्यावर उमटलेलं असतं. आमच्या त्या पेटीचा मूळ जोड तळाशी होता. तो आम्ही पाहिला, पण कापड फाटून बादलीत गेल्यावर.