उशाशी बसलेले माणूस

खानदेशात माणूस इस्पितळात एकटा दाखल होत नाही. साक्रीच्या डोंगरपट्ट्यातून धुळ्यास, किंवा चोपडा-यावलकडच्या सातपुड्याच्या पायथ्यापासून जळगावच्या सिव्हिलमध्ये रुग्ण आणला जातो, तेव्हा त्याच्यामागोमाग एक वळकटी, पाण्याचा तांब्या, भाकरीचा डबा आणि ‘सोबतीला’ म्हणून एक माणूस येतेच. आणि खाटेखालच्या वीतभर जागेत त्या माणसाचा संसार मांडला जातो. त्याचे नाव सरकारी दफ्तरात चढत नाही, त्याला पगार नाही, हजेरीपट नाही. तथापि सलाईनची बाटली रिकामी होत आली की रात्री अडीच वाजता ‘सिस्टर, सलाईन संपलं’ म्हणत व्हरांड्यातून धावत जाणारे तेच असते, आणि म्हातारीने अहिराणीत नुसते ‘पोट दुखस’ म्हटले तर ते कधीपासून व नेमके कोठे, हे डॉक्टरांना उलगडून सांगणारेही तेच. रुग्णसुरक्षा हा शब्द आपल्या भाषेत रुळण्याच्या कितीतरी आधीपासून तिचा प्रत्यक्ष व्यवहार या बिनपगारी पहाऱ्यावर चालत आला आहे. त्याच्याकडे केवळ गर्दी आणि गलका म्हणून पाहण्याची आपल्या इस्पितळांची दृष्टी बदलली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

या प्रथेवर सरकारी हुकुमाचा मोठा घाला पडला तो प्लेगच्या काळात. १८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची साथ उद्भवली आणि १८९७ च्या प्रारंभी साथरोगांचा कायदा झाला. त्याच्या आधारे घरात शिरून रुग्ण उचलून नेण्याचा व त्याच्या आप्तांना छावणीत ठेवण्याचा अधिकार अंमलदारांना मिळाला.   लोकांना रोगाचे भय होते, तितकेच भय आपले माणूस परक्यांच्या हाती एकटे पडण्याचे होते. पुण्यात त्या जाचाची परिणती प्लेग-अधिकाऱ्याच्या खुनात झाली, हे सर्वश्रुत आहे. मुंबईत मात्र निरनिराळ्या ज्ञातींनी स्वतःची प्लेग-इस्पितळे उभारली, तेथे रुग्णाजवळ स्वकीयांना वावरण्याची मुभा असे, आणि इस्पितळाविषयीचा लोकांचा विरोध त्या ठिकाणी सौम्य झाला.

तोच कायदा १२३ वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये, महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला आणि कोविडच्या वॉर्डातून सोबतीचे माणूस एका दिवसात नाहीसे झाले. संसर्ग रोखण्यासाठी ते अपरिहार्य होते, याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ते माणूस जी कामे करीत असे, ती कोणाकडे सोपवली, याचा बंदोबस्त कोठेही नव्हता. कारण ती कामे आहेत, हेच कधी कागदावर आले नव्हते. जूनच्या आरंभी भुसावळहून जळगावच्या शासकीय रुग्णालयात हलवलेली, ऐंशी ओलांडलेली एक वृद्धा खाटेवरून दिसेनाशी झाली. घरच्यांनी शोध घेतला, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, आणि १० जून रोजी, आठ दिवसांनी, तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. तिच्या उशाशी कोणी बसलेले असते, तर ती उठून गेली आणि परत आली नाही, हे घटकाभरात लक्षात आले असते.

अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. ज्याच्याकडून कसूर झाली त्याने जबाब द्यावा, हे न्यायाचेच आहे; पण एकाच्या कपाळी दोष लिहिला की पद्धतीची चौकशी थंडावते, हा आपला जुना अनुभव आहे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. तेव्हा परळच्या प्रयोगशाळेत ती लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि त्यांना बाजूस सारण्यात आले. प्रत्यक्षात गावात बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेल्याची हकीकत पुराव्यात होती. हाफकिन निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. अमेरिकेतील इस्पितळांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे टाळता येण्याजोग्या चुकांनी मरत असावीत, असा अंदाज तेथील वैद्यकसंस्थेने १९९९ मध्ये मांडला, तेव्हा तिचाही रोख चुकणाऱ्या माणसापेक्षा चूक होऊ देणाऱ्या व्यवस्थेवरच होता.

माझ्या लहानपणी खानदेशातल्याच एका इस्पितळात आत्या दाखल होती आणि आई तिच्या उशाशी. वॉर्डात त्या रात्री तीन पाटीलबाई होत्या; आमच्या मुलखात यात नवल नाही. ड्यूटी नुकतीच बदलली होती, सबंध वॉर्डाला एकच सिस्टर, आणि तीही पायांवर उभी राहून दमलेली. तिने ट्रे टेकवून ‘पाटीलबाई’ अशी हाक दिली, आत्या ग्लानीतच ‘हो’ म्हणाली, आणि सुई भरली गेली तेव्हा आई उठली. ‘ताई, आमचं इंजेक्शन संध्याकाळीच झालं. हे कोणत्या गावच्या पाटीलबाईंचं?’ सिस्टरने केस पेपर दिव्याखाली धरला. त्यावर अमळनेर होते, आत्या पारोळ्याची. सिस्टर काही बोलली नाही, आईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून ती पलीकडच्या खाटेकडे गेली. औषध देण्यापूर्वी रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी, असा जो दंडक आज जगभरच्या इस्पितळांना घालून दिलेला आहे, तो आईने कोठे वाचलेला नव्हता. नाव आणि गाव, अशी माणसाची रुजवात घेण्याची आमच्याकडची जुनी रीत तिला ठाऊक होती, इतकेच. म्हणून रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीवर नाव, गाव आणि सोबतीच्या माणसाचे नाव लिहावे, आणि वॉर्डाच्या नोंदवहीत त्या माणसासाठी एक रकाना असावा. सोबत नसेल तेथे तो रकाना कोणत्या सेवकाच्या नावाने भरायचा, ते दाखल करून घेतानाच ठरावे. याला यंत्रसामग्री लागत नाही.

त्या रात्रीनंतर सकाळी आई अंघोळीला निघाली, तेव्हा शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईला ती अहिराणीत सांगून गेली: ‘वहिनी, आमनाकडे बी ध्यान ठेवजो. सलाईन अर्धी व्हई गई, दहा वाजता गोयी शे.’ ती बाई उठली आणि आपले आसन दोन्ही खाटांच्या मधोमध सरकवून बसली.